डेंग्यूचा रिपोर्ट वाचण्याआधी तापाचा दिवस मोजा

ताप आला तो दिवस पहिला. ती तारीख फाइलच्या कव्हरवरच लिहून ठेवा. तिच्याशिवाय डेंग्यूचा कुठलाच रिपोर्ट नीट लागत नाही.

पहिले चार-पाच दिवस रक्तात विषाणू भरपूर असतो. लागण झालेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ताप आणि अंगदुखी बरीचशी या झुंजीचीच. एनएस१ चाचणी याच दिवसांत करायची, कारण ती विषाणूचंच प्रथिन शोधते. ती निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाहीच असं समजू नका. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांत ती चुकण्याची शक्यता जास्त.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रक्तात आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दिसू लागतात. प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात, यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो गुंता गिळतात, आणि लागण झालेल्या पेशींना टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मारतात. प्रतिपिंडं उशिरा येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरत नाही. आयजीजी (आधीच्या लागणीनंतर टिकून राहणारी प्रतिपिंडं) सुरुवातीलाच खूप वाढलेलं असेल तर हा बहुधा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू. विषाणूचे प्रकार चार. एका प्रकाराची जुनी प्रतिपिंडं दुसऱ्याला चिकटतात पण निकामी करत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात. अशा रुग्णाला जास्त जपा.

ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. विषाणू रक्तातून जवळजवळ गेलेला असतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके पुढचे 24 ते 48 तास धोक्याचे असतात. केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) झिरपू लागतात, रक्तातला द्रव बाहेर जातो. सगळ्यांची नजर प्लेटलेटवर असते. त्याच सीबीसीतला (रक्तपेशींच्या मोजणीतला) पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, बघा. 40 चा 48 झाला म्हणजे 20 टक्के वाढ, रक्त घट्ट झालं. सोबत प्लेटलेट झपाट्याने घसरत असतील तर लगेच दवाखाना गाठा. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, सहा तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका.

तापावर फक्त पॅरासिटामॉल. मुलांना वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने घातलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. घोटघोट देत राहा, आणि लघवीच्या वेळा त्याच कव्हरवर तारखेखाली लिहा.