दुकानापुरते किती, सर्वांसाठी किती

एका दुकानासाठी लिहिलेले बिलिंग सॉफ्टवेअर पुढे इतरांनाही विकायचे असेल, तर त्यातले काय त्या धंद्यापुरते ठेवावे आणि काय सर्वांना चालेल असे करावे, हे आधी गर्दीच्या दिवशी गल्ल्याशेजारी उभे राहून पाहावे. जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात आलेला पालक बहुधा पुस्तकांची नावे सांगत बसत नाही; शाळा आणि इयत्ता सांगून पूर्ण संच मागतो. म्हणून स्क्रीनवर ‘शाळा’, ‘इयत्ता’, ‘संच’ हेच शब्द असावेत.

मी एकदा ‘रकाना १’ ते ‘रकाना १०’ असे बिननावाचे रकाने देऊन मोकळा झालो होतो. सकाळच्या माणसाने तिसऱ्यात शाळेचे नाव भरले, संध्याकाळच्याने पालकाचा मोबाइल, आणि शाळावार विक्रीच्या यादीत दहा आकडी शाळा उगवल्या.

आतली रचना मात्र व्यापक असू शकते. संच म्हणजे ठरलेल्या संख्येच्या इतर वस्तूंनी बनलेली एक वस्तू. तो विकला की आतल्या प्रत्येकीचा साठा कमी व्हावा. मिठाईवाल्याच्या फराळाच्या खोक्यालाही हे लागू पडते. फरक असा, की मोठ्या भावाचे गणिताचे पुस्तक घरी असल्यामुळे पुस्तकवाल्याला संच फोडून द्यावा लागतो, तर बंद खोक्यातली चकली कोणी वगळत नाही. अशा फरकासाठी ‘संच फोडता येतो’ ही एकच सेटिंग पुरते. हा फरक पहिल्याच दुकानात बसून सुचत नाही, त्यामुळे दुसऱ्या दुकानासाठी खुशाल कोडची नक्कल करावी आणि तिसरे आल्यावर तिन्ही समोर ठेवून समान निघेल तेवढेच वेगळे काढावे.

कराच्या दरासाठी इतके थांबू नये. वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. दर कोडमध्येच लिहिलेला असेल, तर अशा वेळी प्रत्येक दुकानात नवी आवृत्ती पोचवावी लागते. दर तक्त्यात, लागू होण्याच्या तारखेसह ठेवावा आणि आकारलेला दर बिलातही नोंदवावा, म्हणजे जुन्या बिलावरची वही परत आली तरी हिशेब जुन्याच दराने होतो.

एकाच दुकानदाराला हव्या असलेल्या खास अहवालांसाठी नवी सेटिंग वाढवू नये. बिलांची माहिती एक्सेलमध्ये काढून देणारे बटण द्यावे, पुढचे त्यांचा हिशेबनीस पाहून घेतो.