सोळा घरांचा तक्ता: चौफेर वाचनाची वर्षभराची आखणी आणि ऑनलाइन वाचनकट्टा

आधी एक कागद घ्या आणि शेवटची वाचलेली वीस पुस्तकं लिहून काढा. आठवत नसतील तर ग्रंथालयाची नोंद, किंडलची यादी, उशाशी पडलेला ढीग, जिथून सापडतील तिथून शोधा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी टिपा: साहित्यप्रकार, मूळ भाषा, पहिली आवृत्ती कोणत्या दशकातली, आणि लेखक कुठल्या भागातला. अर्ध्या तासाचं काम आहे. पुष्कळांच्या कागदावर साधारण सारखंच चित्र उमटतं: कादंबऱ्या आणि चरित्रं ढीगभर, नाटक एकही नाही, कवितासंग्रह एकही नाही, अनुवाद असलाच तर इंग्रजीतून, आणि लेखक बहुतेक पुण्या-मुंबईचे. कागदावरच्या या रिकाम्या जागांवरूनच वर्षाची आखणी करायची आहे.

आकड्याने काय होतं

वाचन-आव्हान म्हटलं की गुडरीड्स या वाचननोंदींच्या संकेतस्थळावरचं वार्षिक आव्हान आठवतं: वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा टाकायचा. वाचनाची सवय सुटली असेल तर हे औषध चालतं. चौफेर वाचनासाठी मात्र ते उलटं पडतं. आकडा मागे पडला की नोव्हेंबर-डिसेंबरात ऐंशी पानांची पुस्तकं हातात येऊ लागतात आणि सातशे पानांची कादंबरी पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

दुसरी पद्धत घरांची: तक्त्यातल्या प्रत्येक चौकोनात, म्हणजे घरात, पुस्तकाचा एक प्रकार लिहायचा आणि त्यात बसणारं एक पुस्तक वाचलं की ते घर भरलं. बुक रायट या अमेरिकी संकेतस्थळाचं 'रीड हार्डर' आव्हान २०१५ साली सुरू झालं. त्यात वर्षाला चोवीस कामं असतात. रेडिट या चर्चास्थळावरच्या फँटसी वाचकांचा बिंगो, म्हणजे असाच तक्ता, पाच बाय पाच घरांचा असतो आणि १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो. या बिंगोतला एक नियम जसाच्या तसा उचला: एका तक्त्यात एक लेखक एकदाच. मराठी वाचकाला तो सगळ्यात जास्त बोचेल, कारण एक लेखक आवडला की त्याची सगळी पुस्तकं सलग वाचून काढायची आपली जुनी खोड. दुसरा नियम असा: एक पुस्तक एकाच घरात. 'हे आत्मकथनही आहे आणि प्रवासवर्णनही' असं म्हणून दोन घरं भरायची नाहीत.

परदेशी तक्ते आयते घेऊ नका. त्यांतली बरीच घरं इंग्रजी बाजारातल्या वर्गवारीवर बेतलेली असतात. मराठीत त्या वर्गाची पुस्तकं शोधता शोधता दमछाक होते, आणि दिवाळी अंकाला तिथे जागाच नसते.

घरं किती, वेळ किती

घड्याळ लावून आपल्या नेहमीच्या वेगाने दहा पानं वाचा. वीस मिनिटं लागली असं धरू, म्हणजे पानाला दोन मिनिटं. सरासरी दोनशे पानांची सोळा पुस्तकं म्हणजे ३,२०० पानं, म्हणजे ६,४०० मिनिटं. रोज वीस मिनिटं वाचलं तर ३२० दिवस. उरलेले पंचेचाळीस दिवस लग्नसराई, परीक्षा, आजारपण आणि गणपतीला लागतातच. म्हणून चार बाय चारचा, सोळा घरांचा तक्ता सुचवतो आहोत. तुमचा वेग पानाला तीन मिनिटं असेल तर बारा घरं ठेवा. तीही वर्ष जवळजवळ पूर्ण खातील.

सोळांपैकी चार घरं मोकळी सोडा, आवडीचं काहीही वाचायला. ही चार नसली की तक्ता शाळेच्या गृहपाठासारखा वाटू लागतो आणि मार्चमध्ये भिंतीवरून उतरतो. उरलेल्या बारांपैकी निदान आठ घरं त्या पहिल्या कागदावर शून्य किंवा एक असलेल्या प्रकारांची हवीत.

घर नेमकं कसं लिहायचं

'कविता वाचणे' असं लिहिलं की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दोन कविताही त्यात बसतात. त्याऐवजी 'एका कवीचा एक संपूर्ण संग्रह' असं लिहा. साठ कवितांचा संग्रह असेल तर रोज चार, पंधरा दिवस, आणि चारांतली एक मोठ्याने. कवितासंग्रह कादंबरीसारखा एका बैठकीत वाचला की दहाव्या कवितेनंतर सगळं एकसारखं लागतं आणि दोष कवितेला जातो.

अनुवादाच्या घरात 'मूळ पुस्तक इंग्रजीखेरीज अन्य भाषेतलं' अशी अट घाला. मग पुस्तकाच्या सुरुवातीचं श्रेयपान उघडून अनुवाद थेट मूळ भाषेतून झाला आहे की इंग्रजीवरून, ते बघा. रशियन किंवा जपानी पुस्तक इंग्रजीवरून आलेलं असलं तरी चालेल, पण निदान एक अनुवाद थेट शेजारच्या भाषेतला असू द्या. कन्नडमधून मराठीत येण्याची वाट चांगली मळलेली आहे. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णींनी मराठीत आणल्या, त्या बहुतेक ग्रंथालयांत सापडतात. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्टची यादी चाळली तर ओडिया, बंगाली, मल्याळम यांतलंही बरंच स्वस्तात मिळतं.

'१९२० पूर्वीचं पुस्तक' हे घर जरूर ठेवा, पण त्याची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. आज आपण जे लेखनाचे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ सालचे. १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधीच्या छपाईत न उच्चारलेले अनुस्वार जागोजागी दिसतात: करणें, त्यानें, पुस्तकें. पहिली तीस पानं डोळा अडखळतो, वेग निम्म्यावर येतो. मग सवय होते. म्हणून या घराला दुप्पट वेळ द्या आणि भाषा जड वाटते म्हणून पहिल्याच आठवड्यात सोडू नका. आधुनिक लेखनात पुन्हा छापलेली आवृत्ती मिळाली तर काम सोपं होतं, पण जुन्या छपाईची गंमत जाते.

बोलीतल्या पुस्तकाचं घर असंच. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जी आपल्या घरात बोलली जात नाही ती निवडा. आधी शेवटची पानं बघा, कधी कधी तिथे शब्दसूची असते. नसली तर पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा. डोळ्याला न कळलेले निम्मे शब्द कानाला कळतात. कोंकणीला मात्र या घरात बसवू नका. ती स्वतंत्र भाषा आहे, तिला वेगळं घर द्या. देवनागरीत छापलेलं कोंकणी पुस्तक मराठी वाचकाला सावकाश का होईना, अनुवादाविना वाचता येतं, आणि याचा फायदा फार थोडे घेतात.

दलित आत्मकथनं आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं यांना सामान्य 'आत्मचरित्र' या घरात कोंबू नये. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि त्यानंतर या लेखनाची एक मोठी रांगच उभी राहिली. एका घरात नेहमीचं आत्मचरित्र, दुसऱ्यात हे, आणि जमलं तर पाठोपाठ वाचा.

बाकी घरांचे पर्याय पटकन सांगता येतील: विज्ञानकथा, भयकथा किंवा रहस्यकथा, बालकुमारांसाठीचं पुस्तक, पत्रसंग्रह, ज्या जिल्ह्यात कधी गेला नाहीत तिथली कादंबरी, आणि ज्या विषयाचं शाळेत वावडं होतं त्यावरचं वैचारिक पुस्तक. नाटकाबद्दल पुढे.

दिवाळी अंकाला एक घर द्याच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून नवा लेखक पारखण्याची ही आपली जागा आहे. एका अंकात कथा, कविता, लेख, रिपोर्ताज सगळं चाखायला मिळतं. अंक वाचताना आधी न वाचलेल्या तीन लेखकांची नावं टिपून ठेवा. पुढच्या वर्षीचा तक्ता त्यांतून भरतो. अनेक ग्रंथालयांत ठरावीक शुल्कात काही महिने पाहिजे तितके अंक फिरवून वाचण्याची योजना असते, ती नोव्हेंबर लागण्याआधीच विचारून ठेवा.

क्रम आणि सोडून देणं

दोन जाड किंवा दोन काळजाला भिडणारी पुस्तकं लागोपाठ ठेवू नका. जड पुस्तकानंतर नाटक किंवा बालसाहित्य. मोठी कादंबरी पावसाळ्यात किंवा मेच्या सुट्टीत, दिवाळीच्या आसपास काहीच मोठं नाही.

पुस्तक जमत नसेल तर सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम वापरा: पन्नास पानं वाचा, मग ठरवा, वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं वाचा. पुस्तक सोडलं तरी घर सोडायचं नाही, त्याच प्रकारातलं दुसरं आणायचं. वेगळ्या प्रकाराचं पहिलं पुस्तक फसलं की 'हा प्रकार आपला नाही' असा निकाल लावला जातो. बहुतेक वेळा चुकलेली असते ती निवड. भयकथेच्या घरात दोन पुस्तकं वाया गेली तरी तिसरं बघा, त्यानंतर मात्र खुशाल मोकळ्या घराशी अदलाबदल करा. वर्षात अशी एकच अदलाबदल.

ऑनलाइन वाचनकट्टा

तक्ता पुस्तक निवडतो, कट्टा, म्हणजे ऑनलाइन भेटणारा वाचकांचा गट, ते संपवायला लावतो. गटात दहा ते पंधरा जण असावेत, म्हणजे प्रत्यक्ष बैठकीला सहा-आठ येतात. त्याहून जास्त आले की दोघं बोलतात आणि बाकीचे कॅमेरा बंद करून भाजी निवडतात.

पुस्तक ठरवताना सरसकट मतदान घेतलं की दर वेळी सगळ्यांनी ऐकलेलं नावच जिंकतं. म्हणून आधी महिन्याचं घर ठरवा, मग त्या घरातल्या तीनच पुस्तकांवर मतदान. नाव सुचवणाऱ्याने आधी तपासायचं: पुस्तक छापून उपलब्ध आहे का, ई-पुस्तक किंवा ऑडिओ आहे का, निदान दोन ग्रंथालयांत आहे का. तीनांपैकी दोन उत्तरं 'हो' नसतील तर ते नाव बाद. मराठीत चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं आवृत्तीविना पडून असतात आणि कट्टे इथेच अडतात. परदेशातले सदस्य असतील तर ई-पुस्तक असलंच पाहिजे. त्यासाठी बुकगंगा आणि ऐकण्यासाठी स्टोरीटेल बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानची ई-पुस्तकंही मोफत असतात.

गटात कुणीतरी स्कॅन केलेली पीडीएफ टाकतोच. पहिल्याच दिवशी नियम सांगा: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क अबाधित असतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून, आणि अनुवादकाचा हक्क वेगळा. हयात लेखकाचं पुस्तक असं फिरवून वर त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावणारे गट असतात. त्यांच्यात जाऊ नका.

चार आठवड्यांचं वेळापत्रक पानांवर बांधू नका. आवृत्ती बदलली की पानं बदलतात आणि ई-पुस्तकात अक्षराचा आकार वाढवला की पुन्हा बदलतात. प्रकरणांवर बांधा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिताना पहिल्या ओळीत 'प्रकरण ७ पर्यंत' असं लिहायची शिस्त लावा. रहस्यकथेच्या महिन्यात टेलिग्राम सोयीचं, तिथे मजकूर झाकून पाठवता येतो. शुभ सकाळचे संदेश आणि पाककृती थांबवण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे: घोषणांसाठी वेगळा गट, जिथे फक्त सूत्रधार लिहू शकतो. सूत्रधार दर महिन्याला बदला.

बैठकीची वेळ ठरवताना जगाचं घड्याळ बघा. भारतात रविवारी रात्री साडेआठ म्हणजे दुबईत सात, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे चार आणि हिवाळ्यात तीन, न्यूयॉर्कला सकाळचे अकरा किंवा दहा. सिडनीत तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. तिथले सदस्य असतील तर आळीपाळीने एक बैठक भारतातल्या सकाळी ठेवा. झूमची मोफत बैठक चाळीस मिनिटांत तुटते, गूगल मीटची तिघं किंवा अधिक असतील तर तासाभरात. म्हणून पन्नास मिनिटांची आखणी करा आणि मीट वापरा.

'कसं वाटलं पुस्तक?' या प्रश्नाने सुरुवात केली की 'छान' येतं आणि चर्चा संपते. त्याऐवजी प्रत्येकाने दहा ओळींचा एक उतारा निवडून आणायचा, वाचून दाखवायचा आणि हाच का निवडला ते दोन मिनिटांत सांगायचं. सहा जणांचा मिळून अर्धा तास जातो, आणि दोघांनी एकच उतारा आणला की चर्चेला वेगळा प्रश्न लागत नाही. पुस्तक अर्धवट वाचलेल्यालाही यात भाग घेता येतो, त्यामुळे तो लाजून गट सोडत नाही.

नाटकाचा महिना मात्र वेगळा ठेवा. तेव्हा घरी वाचून यायचं नाही. भूमिका वाटून घ्यायच्या, रंगसूचना एकाने वाचायच्या, ज्यांचं पात्र प्रवेशात नाही त्यांनी माइक बंद ठेवायचा. दोन अंकी नाटक दोन बैठकांत होतं. इंटरनेटमुळे आवाज अर्धा सेकंद मागे पडतो आणि एकमेकांना तोडत बोललेले संवाद गोंधळतात, तेव्हा वेग मुद्दाम कमी ठेवा. तिसऱ्या महिन्यात उपस्थिती हमखास घसरते. नाटक तिथे टाका.

नोंद

गुडरीड्सवर मराठी पुस्तक शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधा. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन नोंदी सापडतात. नसेलच तर मागच्या पानावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकून पाहा. जुन्या पुस्तकांना तो नसतोच. स्टोरीग्राफ या गुडरीड्ससारख्याच संकेतस्थळावर प्रकारांचे आलेख आपोआप निघतात आणि पाव तारासुद्धा देता येतो, पण मराठी पुस्तकांवर प्रकाराची खूण नसेल तर आलेख फसवा निघतो. त्यापेक्षा गूगल शीट बरी: नाव, घर, मूळ भाषा, दशक, सुरू, संपलं, आणि एक ओळ. ऐकलेली कादंबरी मोजा. ऐकलेला कवितासंग्रह छापील प्रत समोर असेल तरच मोजा.

डिसेंबरात रिकामी राहिलेली घरं पुढच्या तक्त्यात जास्तीत जास्त दोन न्या, आणि ती जानेवारी-फेब्रुवारीतच भरा. बाकी घरं कट्ट्यातल्या दुसऱ्या कुणालातरी भरायला द्या.