पर्स्पेक्टिव्हमधला ताणलेला कोपरा असा सुटला

मनातल्या एका वाचनालयाचं दोन व्हॅनिशिंग पॉइंटचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्यांना दिसेल तसं खोलीचं चित्र, काढत होतो. दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात, ते हे पॉइंट. जवळचा कोपरा इतका टोकदार यायचा, की खोलीऐवजी जहाजाचं नाकच वाटावं. तीनदा खोडलं. चूक रेषांत नव्हतीच. दोन्ही पॉइंट कागदावर मावावेत म्हणून मी ते फार जवळ घेतले होते. मग प्लॅनवर, म्हणजे वरून पाहिलेल्या आराखड्यावर, बघणाऱ्याची उभं राहायची जागा मागे सरकवली, खोली ६० अंशांच्या दृष्टिशंकूत, म्हणजे एका नजरेत न ताणता दिसणाऱ्या भागात, बसेपर्यंत. त्याने दोन्ही पॉइंट एकमेकांपासून लांब गेले. डावा पॉइंट कागदाबाहेर गेला, तिथे टेबलावर चिकटपट्टी लावून खूण केली. क्षितिजरेषा १.६ मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी. कोपरा लगेच निवळला! प्लॅनवर त्या जागी बाण काढून चित्राचा क्रमांकही लिहिला. अजून न बांधलेल्या खोलीत आपण कुठे उभे आहोत, हे बघणाऱ्याला त्यावरूनच कळतं.