शिडाच्या बोटीवरचा एक दिवस : नेरूळ ते घारापुरी आणि परत

मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी मुले नेरूळ-बेलापूर परिसरात दर वर्षी भेटतात आणि ते साहजिकच आहे. करावे येथे टी. एस. चाणक्य ही जहाजावरच्या नोकरीचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे, खाडीपलीकडे न्हाव्याला तशीच टी. एस. रहमान आहे, आणि कुणाचा ना कुणाचा मामेभाऊ जहाजावर असतोच. प्रवेश परीक्षा कशी असते, रंगांधळेपणाच्या तपासणीत काय पाहतात, फी किती, असे त्यांचे प्रश्न असतात. ते विचारायलाच हवेत. परंतु डेकवरचे आयुष्य निवडण्याआधी एक दिवस लहानशा शिडाच्या बोटीवर, जाणत्या माणसाबरोबर, इंजिन बंद ठेवून काढावा, असे मी त्यांना आग्रहाने सांगतो. मोठ्या जहाजाच्या इंजिनामागे पाण्याची ताकद झाकली जाते. पंचवीस फुटी बोटीवर मात्र कधी निघायचे आणि कधी परतायचे हे पाणीच ठरवते.

म्हणून पहिला धडा शिडाचा नसून भरती-ओहोटीचा असतो. मुंबई बंदरात दिवसाकाठी साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि आपल्याकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणावे. एकादशीला अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. याचा अर्थ पूर्ण भरती सकाळी सव्वाआठच्या आसपास आणि ओहोटी अडीचच्या सुमाराला. हा अंदाज झाला. प्रत्यक्ष निघताना छापील भरतीचा तक्ताच पाहायचा. तरीही हिशेब पाठ असावा, कारण त्यावरून आठवड्याचे नियोजन कॅलेंडर समोर धरून करता येते. आम्ही निघालो तो दिवस हिवाळ्यातल्या एकादशीचा होता. (डब्यात साबुदाण्याची खिचडी होती आणि ती घारापुरी येईपर्यंत उरली नाही.)

एकादशी निवडण्याचे कारण असे की सकाळची ओहोटी बोटीला नैर्ऋत्येकडे, बंदराच्या तोंडाकडे घेऊन जाते, आणि त्याच वेळी जमिनीवरून येणारे मतलई वारे पाठीशी असतात. दुपारी वारा फिरतो, वायव्येकडून खारे वारे सुरू होतात, आणि तोवर भरतीही परतीच्या दिशेने लागलेली असते. हाच प्रवास उलट वेळांना केला तर काय होईल, ते कागदावर मांडून पाहावे : हलक्या वाऱ्यात बोटीचा वेग तीन नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि समोरून दोन नॉटचा प्रवाह असेल, तर तासाला एकच सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर अंतर कापले जाईल. बोट पाणी कापताना दिसत राहते, पण किनाऱ्यावरची इमारत तिथेच असते.

बोटीवर आमच्याबरोबर दिवाळे कोळीवाड्यातले एक ज्येष्ठ तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. मी घड्याळाकडे पाहत होतो, तर त्यांनी जाळ्यासाठी रोवलेल्या एका खांबाकडे बोट दाखवले. खांबाच्या एका बाजूला पाणी किंचित चढलेले होते आणि दुसऱ्या बाजूला त्याची लांबट, वळवळती रेघ पडली होती. "सुकती लागली. आता शीड चढव," एवढेच ते म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी. त्यानंतर दिवसभर मी प्रत्येक खांब, प्रत्येक बोया (मार्ग दाखवणारा तरंगता पिंप) आणि नांगरलेल्या प्रत्येक होडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहत गेलो. नवशिक्याने हीच सवय आधी लावून घ्यावी.

शीड हाताळणे त्या मानाने लवकर जमते. दोरी सैल सोडत जावी. शिडाची पुढची कड फडफडू लागली की फडफड थांबेपर्यंतच ओढावी, जास्त नाही. बोलाइन आणि आठाची गाठ घरी खिडकीच्या गजावर घटवून यावी, आणि लाइफ जॅकेट जेटीवरच अंगात घालावे.

अटल सेतूच्या लांब पोलादी गाळ्यांखालून पुढे गेले की खरे शिक्षण सुरू होते, कारण एका बाजूला जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजे आणि दुसरीकडे जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के असतात. त्या धक्क्यांजवळ फिरकायचे नाही. शिडाच्या बोटीला यांत्रिक बोटीने वाट द्यावी, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. मात्र १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला नववा नियमही तितकाच बंधनकारक आहे : अरुंद जलमार्गात, ज्या जहाजाला त्या मार्गाबाहेर पुरेसे पाणीच नाही, त्याच्या वाटेत शिडाच्या बोटीने अडथळा आणायचा नाही. हा नियम पाठ करून परीक्षेत लिहिणे वेगळे आणि समोरून येणारे जहाज पाहत हातातल्या होकायंत्रावर त्याची दिशा दर दोन मिनिटांनी मोजणे वेगळे. दिशेचा आकडा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार असे समजायचे. आमचा आकडा तीन वेळा जवळजवळ तोच आला. तांडेलांनी काही न बोलता सुकाणू वळवले आणि जहाज पुढे निघून जाईपर्यंत आम्ही मार्गाबाहेर थांबलो. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवायचा, हेही तिथेच डोळ्यांना सवयीचे झाले.

घारापुरीचा धक्का एवढा लांब का बांधला आहे, ते ओहोटीला कळते. शेतबंदराच्या बाजूला पाणी मागे हटते आणि चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. आम्ही दूरच नांगर टाकला आणि पाणी फिरण्याची वाट पाहिली.

परतीच्या वेळेचाही हिशेब आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकेच पाणी वाढते, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, आणि मग पुन्हा दोन व एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत येते. नेरूळच्या बाजूला उथळ चिखल असल्यामुळे, वारा कितीही अनुकूल असला तरी पाचच्या आधी किनाऱ्याकडे घुसण्यात अर्थ नव्हता. मुलांना हे थांबणे सर्वांत जड जाते. ज्याला तीन तास नांगरावर बसून आकाश, घड्याळ आणि दोरीचा ताण पाहताना कंटाळा आवरत नाही, त्याने डेकवरच्या चार तासांच्या वॉचचा, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीचा, विचार पुन्हा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकण्याची सोय गेटवेजवळच्या सेलिंग क्लबांमध्ये आहे; महाविद्यालयात असाल तर एन.सी.सी.च्या नौदल शाखेतही शिडाच्या बोटी चालवायला मिळतात. हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो आणि पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्याऐवजी आदल्या दिवाळीच्या सुट्टीतच नाव नोंदवावे. पोहणे त्याआधी यायला हवे.