मुंजीची कॅसेट डीव्हीडीवर घेताना

माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटी दुकानात दिल्या तर नगावर पैसे जातात. व्हीसीआर चालू असेल तर घरीच करा. यूएसबी कॅप्चरची वायर, म्हणजे व्हीसीआरमधलं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी, पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारा.

१. कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून टेप चिकटलेली असते; ही पायरी गाळली की चित्र उड्या मारतं.

२. मागच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा टॅब मोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मुंज पुसली जाणार नाही.

३. पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. सॉफ्टवेअरमध्ये पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओची पद्धत) निवडा, चित्राचा आकार ७२० बाय ५७६. एनटीएससी (NTSC, अमेरिकेतली पद्धत) राहिलं तर चित्र काळं-पांढरं किंवा फिरतं दिसतं. मी अर्धा रविवार वायरच बदलत बसलो होतो!

४. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. लावा आणि स्वयंपाकाला लागा, फक्त कॉम्प्युटर झोपू देऊ नका.

५. साध्या ४.७ जीबी डिस्कवर चांगल्या दर्जाचे साधारण दोन तास मावतात. मंगलाष्टकं एका डिस्कवर, पंगत दुसऱ्या. मूळ फाइल हार्ड डिस्कवरही ठेवा. डीव्हीडीवर ओरखडे पडतातच.

एक मात्र बघा: कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास धरते. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते.