माजी विद्यार्थ्याशी पाऊण तास: अमेरिकन कॉलेजचा इंटरव्ह्यू

अर्ज पाठवला की काही आठवड्यांत एखाद्या अनोळखी व्यक्तीचा मेल येऊ शकतो: ‘मी कॉलेजची माजी विद्यार्थिनी, तुमच्याशी बोलायचं आहे.’ हाच अलम्नाय इंटरव्ह्यू. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी इथे ही पद्धत आहे. एमआयटीत मुलाखत घेणाऱ्या या माजी विद्यार्थ्यांना एज्युकेशनल काउन्सेलर म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत पदवीच्या प्रवेशाला इंटरव्ह्यू नसतोच आणि ब्राऊन विद्यापीठाने तो बंद करून अर्जदाराचा छोटा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीचं ॲडमिशनचं पान स्वतः वाचा. माजी विद्यार्थी अपुरे असले की सगळ्यांना बोलावणं येत नाही. ते आलं नाही म्हणून अर्ज मागे पडत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ली (म्हणजे निकाल लवकर लागणारा) अर्ज केला असेल तर मेल बहुधा त्याच महिन्यात येतो. रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या मुदतीत अर्ज करणाऱ्यांना जानेवारी-फेब्रुवारीत येतो. या काळात स्पॅमचं फोल्डर रोज उघडा, कारण मेल बहुधा खाजगी पत्त्यावरून येतो आणि कधीकधी तिथे जाऊन पडतो. 24 तासांत उत्तर द्या आणि सोयीच्या दोन-तीन वेळा कळवा. भारतातून बोलणार असाल तर घड्याळ तपासा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि न्यूयॉर्कशी असलेला साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो. वेळ चुकते ती इथेच. या इंटरव्ह्यूला फी नसते. कोणी पैसे मागितले तर थेट ॲडमिशन ऑफिसला कळवा.

समोरच्या माणसाकडे सहसा तुमचं नाव, शाळा, संपर्क आणि फार तर आवडीचा विषय एवढंच असतं. मार्क, एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण, अर्जातला निबंध यातलं काही त्याने पाहिलेलं नसतं. त्यामुळे ‘निबंधात लिहिलंय तसं’ म्हणून काही उपयोग नाही, पहिल्यापासून सांगावं लागतं. प्रवेश द्यायचा की नाही, हेही त्याच्या हातात नसतं. तो घरी जाऊन एक छोटा अहवाल लिहितो आणि कॉलेजला पाठवतो. म्हणजे त्याला लिहायला काहीतरी मिळेल, असं बोलायचं.

‘मला रोबोटिक्सची खूप आवड आहे’ यातून अहवालात ओळसुद्धा होत नाही. त्याऐवजी: ‘आमच्या रोबोचा पंजा अंडं उचलताना दर वेळी फोडायचा. आधी मोटरचा जोर कमी केला, तर अंडं निसटायला लागलं. शेवटी बोटांना स्पंज लावला. पण स्पंज दबला तरी सेन्सरला कळत नव्हतं, ते अजून सुटलेलं नाही.’ यावर समोरचा लगेच चार प्रश्न विचारतो, आणि मग गप्पा तुमच्या अंगणात येतात. न सुटलेला भाग लपवू नका, खरी चर्चा तिथेच सुरू होते. अशा तीन-चार गोष्टी मनात तयार ठेवा, पण पाठ करू नका. पाठांतर दुसऱ्याच वाक्याला उघडं पडतं.

‘हेच कॉलेज का?’ हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो. नाव आणि रँकिंग सांगणं सगळ्यात वाया गेलेलं उत्तर. एखादा कोर्स, एखादी लॅब, आणि तिथे तुम्हाला नेमकं काय करायचंय ते सांगा. ‘आणखी कुठे अर्ज केलाय?’ असं विचारलं तर ‘अजून काही ठिकाणी’ एवढं पुरे.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ येतं. तिथे ‘माझे चान्सेस किती?’ नको, त्याला ते ठाऊक नसतं. पहिल्या वर्षी काय जड गेलं, कुठल्या प्राध्यापकामुळे विषय बदलावासा वाटला, असं विचारा. वेबसाइटवर न सापडणारी माहिती मिळते.

भेट कॅफेत, लायब्ररीत किंवा झूमवर होते. दहा मिनिटं आधी पोचा. साधे, नीटनेटके कपडे चालतात, सूट नको. आईबाबांनी सोडून जावं, शेजारच्या टेबलावर बसू नये. झूमवर लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा, नाहीतर समोरच्याला पाऊण तास तुमची हनुवटी दिसते.

त्याच दिवशी आभाराचा मेल पाठवा: तीन-चार ओळी आणि त्यात बोलण्यातला एखादा नेमका मुद्दा. भेटवस्तू पाठवू नका, निकालाची चौकशीही करू नका. सांगायची राहिलेली एखादी महत्त्वाची गोष्ट मात्र त्याच मेलमध्ये एका ओळीत लिहायला हरकत नाही, अहवाल अजून गेला नसेल तर ती कामी येते.