आधी खातं, मग गोष्ट

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर मी मुनीम आहे, आणि गोष्टी लिहितो. नवी लिहिणारी पोरं विचारतात, सुचतं कसं? सुचायची वाट बघत बसलो असतो तर अजून पहिलीच गोष्ट चालू असती. मी खातं उघडतो.

शंभर पानी वही घ्या. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला एक पान. मधे उभी रेघ. डावीकडं जमा, म्हणजे त्यानं दिलेलं. उजवीकडं नावे, म्हणजे त्यानं घेतलेलं. माझा रखमाजी बघा. नावे: बहिणीच्या लग्नात थोरल्या भावाकडून घेतलेले ४०,०००. जमा: तीन उन्हाळे आपल्या बोअरचं पाणी भावाच्या उसाला. दोघांनी कधी तोंडानं हिशोब काढला नाही. बोअर आटलं आणि भावानं काढला, तिथून गोष्ट सुरू. नाक-डोळे-मिशा मी लिहीत नाही. पण भावजयीनं रखमाजीच्या आजारपणात उशाशी बसून काढलेली रात्रही पानावर हवी. तिला आकडा टाकता येत नाही, तिथं नुसती फुली मारायची. गोष्ट अडली की मी आधी फुल्या बघतो.

बोलणं मात्र त्याच दिवशी उतरवा. परवा एका म्हाताऱ्यानं हिशोबपट्टी घेतली, न बघताच चार घड्या घालून टोपीत खोचली. म्हणाला, "पोरगं वाचंल घरी. मी कामून वाचू?" संध्याकाळवर टाकलं असतं तर त्याचं 'मी कशाला वाचू' झालं असतं, आणि म्हातारा पुण्याचा.

दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक असते, तेव्हा फक्त अशी वाक्यं गोळा करतो. लिहिणं उन्हाळ्यात, पहाटे, पत्रे तापायच्या आत.

सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात. ताज्या खर्ड्यातही ओलावा असतोच. महिनाभर पेटीत टाका, मग वाचा. माझ्या खर्ड्यात 'गहिवरला' आणि 'कंठ दाटला' पोत्यानं निघतात.

शेवटी मोठ्यानं वाचून दाखवा, पण घरच्यांना नको. ते चांगलंच म्हणतात. मी चहाच्या वेळी हमालांना वाचतो. रखमाजीनं क्विंटलाचं पोतं 'अलगद' पाठीवर घेतलं, असं एकदा लिहून बसलो होतो. सगळे हसायले. त्यातला एकजण बशी खाली ठेवून म्हणाला, "मुनीमजी, उद्यापासून त्यालाच लावा की कामाला."